मुदत नारळी पौर्णिमेपर्यंत : कॅमेरा कंपन्यांना सिंधुदुर्गच्या छायाचित्रकारांचा इशारा

हे पत्र व्यावसायिक कॅमेरे बनवणाऱ्या सर्व कंपन्यांना आहे. त्यांच्या भारतातल्या कचेऱ्यांना आहे. आणि जपानमध्ये बसून पुढच्या कॅमेऱ्यात काय असावं हे ठरवणाऱ्यांनाही आहे.

ही विनंती नाही. विनंत्या करून झाल्या.

आम्ही सिंधुदुर्गातले छायाचित्रकार. देवगडपासून दोडामार्गापर्यंत, आठही तालुक्यांतले. लग्नं आम्ही टिपतो. जत्रा आणि दहीकाले टिपतो. वर्तमानपत्रांना बातमीचे फोटो देतो. तारकर्लीला पाण्याखाली उतरतो. कॅमेरा ही आमची हौस नाही. त्याच्यावर आमची घरं चालतात.

तुमच्या माहितीपुस्तिकेतल्या एका ओळीपासून सुरुवात करतो.

ती शेवटच्या पानांत असते, बारीक अक्षरात. वापरासाठी तापमान 0 ते 40 अंश. आर्द्रता 85 टक्के किंवा त्याहून कमी. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांत आकडे जवळपास हेच असतात.

जूनच्या पहिल्या पावसापासून मालवणच्या हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस 85 च्या वर असते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंती ओल्या राहतात. मिठाला पाणी सुटतं. कपाटातल्या कपड्यांना वास येतो.

म्हणजे तुमच्या कागदानुसार पावसाळाभर आमच्या गावात कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

त्याच दिवसांत आमच्याकडे नारळी पौर्णिमा असते. गणपती असतात. भाताची लावणी असते. वादळं पावसाळ्याचीही वाट पाहत नाहीत. मे 2021 मध्ये तौक्ते याच किनाऱ्याला घासून गेलं. घरांवर माड पडले, होड्या फुटल्या. 26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोटावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. दिवस वारा-पावसाचेच होते. सगळ्या देशाला तिथली छायाचित्रं हवी होती.

ती छायाचित्रं आम्ही काढली. तुमच्या पुस्तिकेने ज्या हवेत कॅमेरा चालवू नका म्हटलं आहे, त्याच हवेत काढली.

तुमच्या जाहिरातीत मात्र कॅमेरा पावसात असतो. काळ्या बॉडीवरून थेंब ओघळत असतात. खाली लिहिलेलं असतं, धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. किती पाणी, किती वेळ, कोणत्या दाबाचं, ते लिहिलेलं नसतं. आणि वॉरंटीच्या कागदावर असतं की पाण्याने झालेलं नुकसान आमच्याकडे नाही.

जाहिरात आणि वॉरंटी, दोन्ही कागद आम्ही जपून ठेवले आहेत.

पाण्यापासूनच्या संरक्षणाला जगभर मान्य असलेलं मापन आहे. आयपी हे त्याचं नाव. चार आकडी पगाराचा माणूसही आज फोन घेताना आयपी 68 आहे का विचारतो, आणि दुकानदाराला उत्तर द्यावं लागतं. लाइकाने एसएल-2 ला 2019 साली आयपी 54 दिलं. ओएम सिस्टिमने 2022 साली ओएम-1 ला आयपी 53 दिलं. ज्यांनी आकडा छापला त्यांना तो छापता आला. बाकीच्यांना का येत नाही, हे आम्ही बरीच वर्षं विचारतो आहोत.

आणि आमचा प्रश्न आयपीवर संपत नाही. ती चाचणी गोड्या पाण्याची आहे. मिठाने धातूचं काय होतं हे तिच्यात पाहत नाहीत.

मीठ हाच आमचा खरा शत्रू आहे. देवबागच्या संगमावर वारा सुटला की अर्ध्या तासात लेन्सच्या काचेवर खारट पापुद्रा बसतो. तो पुसता येतो. माउंटच्या कडीत, हॉट शूच्या पट्ट्यांत, बॅटरीच्या टोकांवर जे बसतं ते पुसता येत नाही. दोन पावसाळ्यांनंतर स्क्रू हिरवे पडतात. मग एके दिवशी, नवरी बोहल्यावर उभी असताना, फ्लॅश पेटत नाही.

खाऱ्या फवाऱ्याची चाचणीही अस्तित्वात आहे. आयएसओ 9227. मोटारीच्या सुट्या भागांना, जहाजाच्या सामानाला ती लावतात. तुमच्या कॅमेऱ्याला लावा. निकाल खोक्यावर छापा. रबरी सील किती वर्षांनी बदलायचं ते लिहा, आणि ते इथल्या माणसाला बदलता येईल असं करा.

ही पहिली मागणी. हिच्यात तडजोड नाही.

आता फंगस.

इथला प्रत्येक फोटोग्राफर लेन्स विकत घेताना ती ट्यूबलाइटसमोर तिरकी धरतो. पुढच्या काचेत काही दिसत नाही. नजर आत नेली की तिसऱ्या-चौथ्या काचेच्या कडेला एक पांढरा धागा दिसतो, कोळिष्टकाइतका बारीक. पुढच्या पावसाळ्यात त्याला फाटे फुटतात. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तो मध्यावर येतो. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. साफ केली तरी तिचा डाग राहतो. उजेडासमोर फोटो काढला की काळा रंग राखाडी येतो, आणि पार्टी विचारते, फोटो धुरकट का?

तुमचं उत्तर ठरलेलं आहे. ड्राय कॅबिनेट घ्या.

घेतली आहेत. ती विजेवर चालतात. तौक्तेनंतर इथल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. एरवीही पावसात लाइन पडली की लाइनमन येईपर्यंत कॅबिनेट म्हणजे नुसतं कपाट. मग तांदळाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर भाजणं. लाखाच्या लेन्सची राखण आम्ही अशी करतो.

कॅमेऱ्याच्या आत आर्द्रता मोजणारा सेन्सर बसवायला किती खर्च येतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. फारसा येत नाही. तो बसवा. आतली हवा धोक्याच्या वर गेली की पडद्यावर दाखवा. ओल शोषणारी कुपी बॉडीत आणि लेन्समध्ये बसेल, आणि ग्राहकाला हाताने बदलता येईल, अशी जागा ठेवा. लेन्सचा पुढचा काचगट साध्या हत्यारांनी उघडता येऊ द्या.

कोकणातच नव्हे, केरळपासून बंगालपर्यंत प्रत्येक किनाऱ्यावर याची गरज आहे. आग्नेय आशियात आहे. निम्मं जग दमट आहे. तुमचे कॅमेरे उरलेल्या निम्म्यासाठी बनतात.

समुद्राच्या आतलंही सांगतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. पर्यटक ते पाहायला येतात, अभ्यासक नोंद घ्यायला येतात. दोघांसाठी पाण्यात आम्ही उतरतो. कॅमेरा पाण्यात न्यायचा तर बॉडीच्या तोडीस तोड किमतीचं हाऊसिंग लागतं. बॉडीचं मॉडेल बदललं की हाऊसिंग बाद. बटणांची जागा दोन मिलिमीटर सरकली तरी बाद.

निकॉनने 1963 साली निकोनॉस आणला. त्याच्या मुळाशी समुद्रसंशोधक कुस्तोच्या चमूसाठी बनलेला कॅलिप्सो कॅमेरा होता. हाऊसिंग नाही, काही नाही, तसाच हातात धरून 50 मीटर खोल न्यायचा. 2001 साली तो बंद झाला. त्यानंतर व्यावसायिक दर्जाचा, लेन्स बदलता येणारा, तसाच पाण्यात नेता येईल असा डिजिटल कॅमेरा कोणीही टिकवून विकलेला नाही. साठ वर्षांपूर्वी जमलेली गोष्ट आज जमत नाही असं कोणी आम्हाला सांगू नये.

ते जमत नसेल तर निदान एवढं करा. एका मालिकेतल्या बॉड्यांची बटणं एका जागी ठेवा. दहा वर्षं ठेवा.

दुरुस्तीचा विषय थोडक्यात, कारण त्यावर आमचा संयम सर्वांत आधी संपला.

मालवणात बॉडी बंद पडली की ती कुरियरने जाते. पुण्याला, मुंबईला, कधी त्याच्याही पुढे. ऐन हंगामात आठवडे जातात. येते तेव्हा सोबत अंदाजपत्रक येतं. साधी पट्टी गेलेली असते, बिल पूर्ण बोर्डाचं असतं. कोल्हापूरचा जुना कारागीर ती पट्टी तासाभरात बदलू शकतो. तुम्ही त्याला पट्टी विकत नाही. नकाशा देत नाही. आणि पाच-सात वर्षांनी सांगता की या मॉडेलचे पार्ट बंद झाले.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. सरकारची दिशा कोणती आहे ते तुम्हाला दिसत असेल. आमची मागणी साधी आहे. विक्री थांबल्यापासून दहा वर्षं सुटे भाग. कोणत्याही कारागिराला, छापील दरात. दुरुस्तीची पुस्तिका खुली.

आता दशावतार. हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे तो नीट ऐका.

कार्तिकात जत्रा सुरू होतात. देवळाच्या सभामंडपात रात्री उशिरा नाटक उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. हार्मोनियम, पखवाज, झांज. पूर्वी पेट्रोमॅक्स असायची. आज एलईडी आहेत, स्वस्तातले, मंडपवाल्याने आणलेले. राजा दरबारात, म्हणजे कचेरीत, बोलत असतो. स्वर खाली आलेला असतो. पुढे बसलेली म्हातारी माणसं जिवाचा कान करून ऐकत असतात. त्या क्षणी यांत्रिक शटरचा आवाज करणं हे आम्हाला शोभत नाही. म्हणून आम्ही शटर इलेक्ट्रॉनिकवर टाकतो. आवाज बंद होतो.

आणि राजाच्या तोंडावर काळे पट्टे येतात.

कारण तुम्हाला माहीत आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. स्वस्तातला दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो आणि मंदावतो. तुमचा सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो. वाचता वाचता उजेड बदलतो. डोळ्याला काही दिसत नाही, फोटोत पट्टे दिसतात. रंगवलेल्या चेहऱ्यावर, किरीटावर, कपाळावर. तो फोटो दुरुस्त होत नाही.

उपाय आहे. सोनीने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्लोबल शटरचा फुल फ्रेम कॅमेरा जाहीर केला. सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचतो. पट्टे नाहीत, वाकडेपणा नाही. म्हणजे तंत्र हाती आलं आहे. ते ऑलिंपिकच्या मैदानासाठी आणि काही लाख मोजणाऱ्यांसाठी राखून ठेवलं आहे, इतकंच.

आमच्या राजाचं मोल धावपटूपेक्षा कमी नाही. रात्रभर उभं राहणारा, घाम आणि रंग एकत्र ओघळत असताना स्वतःच्या मनाने संवाद रचणारा तो नट. त्याचे जुने फोटो फार थोडे उरले आहेत. आजचे फोटो पट्ट्यांनी खराब होणार असतील तर पुढच्या पिढीला काय दाखवायचं? मधल्या किमतीच्या व्यावसायिक बॉडीत ग्लोबल शटर द्या. तोवर दिव्याची लुकलुक ओळखून शटरचा वेग बारीक टप्प्यांनी जुळवून घेणारी सोय प्रत्येक व्यावसायिक बॉडीत द्या. काही महागड्या बॉड्यांत ती आजच आहे. खालच्या बॉड्यांतून ती का वगळली, याचं कारण आम्हाला तांत्रिक वाटत नाही.

आम्हाला आणखी मेगापिक्सेल नकोत. लग्नाच्या अल्बमला 24 पुरतात, फ्लेक्सला 45 पुरून उरतात. दरवर्षी आकडा वाढवून तुम्ही आमच्या हार्ड डिस्क भरल्यात. काम सोपं केलं नाहीत.

यापुढचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे.

आमच्या समुद्रात रात्री एलईडीच्या उजेडावर मासेमारी चालते. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये ती बंद केली. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 साली निर्बंध आणले. पारंपरिक मच्छीमार, ज्यांचं पोट रापणीवर आणि छोट्या होड्यांवर आहे, वर्षानुवर्षं तक्रार करतात. त्यांच्याकडे पुरावा मागितला जातो. पुरावा म्हणजे फोटो. तो काढायला त्यांच्या होडीत आम्ही बसतो.

आणि फोटो काढून किनाऱ्यावर आलं की प्रश्न सुरू होतात. हा फोटो कुठला? कधीचा? याच समुद्रातला कशावरून? संगणकावर बनवला नाही कशावरून?

कायद्याने हा प्रश्न आता नेमका केला आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायला जागा आहे. फाईलमधला एक बिंदू जरी बदलला तरी बदलणारा आकडा तो. एसएचए-256 हे नाव त्या छापील नमुन्यातच आहे.

प्रमाणपत्राची अट नवी नाही. 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात ती पक्की केली. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचं प्रकरण होतं. वाद उमेदवारी अर्ज किती वाजता दिले याचा. पुरावा निवडणूक कचेरीतल्या व्हिडिओचा. महाराष्ट्राच्याच एका निवडणुकीतून देशाचा नियम ठरला. तुमच्या कॅमेऱ्यांनी त्यातून काय घेतलं?

बहुतेक बॉड्यांनी काहीही नाही. शटर दाबल्या क्षणी हॅश बनत नाही. जीपीएस अनेक बॉड्यांत नाही. फोनला जोडा, तुम्ही म्हणता. रात्री होडीत, अंगावर लाटा येत असताना, फोन खिशात प्लास्टिकच्या पिशवीत असतो. जोडणी तुटते. फोटोवर जागा येत नाही. घड्याळ हाताने लावलेलं असतं, त्यामुळे समोरचा वकील एका प्रश्नात वेळ उडवून लावतो.

सही केलेल्या छायाचित्राचं तंत्र जगात आलं आहे. लाइकाने ऑक्टोबर 2023 मध्ये एम 11-पी आणला, त्यात फोटो निघतानाच त्याच्यावर कॅमेऱ्याची डिजिटल सही होते. इतर कंपन्याही त्या वाटेने निघाल्या. कुठे ही सोय निवडक वृत्तसंस्थांपुरती, कुठे वेगळ्या परवान्यावर. एका कंपनीला 2025 साली त्रुटीपायी दिलेली सगळी प्रमाणपत्रं मागे घ्यावी लागली. हे तंत्र अवघड आहे, आम्हाला कळतं. अवघड आहे म्हणून ते मोठ्या संस्थांनाच द्यायचं, हे मान्य नाही. मालवणच्या बातमीदाराला खोटं ठरवणं न्यूयॉर्कच्या बातमीदाराला खोटं ठरवण्यापेक्षा सोपं आहे. गरज आम्हाला अधिक आहे.

म्हणून प्रत्येक व्यावसायिक बॉडीत जीपीएस हवं, भारताच्या नाविक उपग्रह प्रणालीसह. घड्याळ उपग्रहावरून लागलं पाहिजे. फोटो निघताच एसएचए-256 हॅश आणि सही झाली पाहिजे. परवाना नको, वर्गणी नको.

आणि कार्डाला कुलूप हवं.

डिसेंबर 2016 मध्ये दीडशेहून अधिक चित्रपटकार आणि वृत्तछायाचित्रकारांनी फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनमार्फत तुमच्यातल्या मोठ्या कंपन्यांना खुलं पत्र लिहिलं होतं. कॅमेऱ्यातले फोटो कूटबद्ध करण्याची सोय द्या, एवढीच मागणी. जगातल्या नावाजलेल्या लोकांच्या सह्या होत्या. आज त्या पत्राला किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा. बहुतेक कॅमेऱ्यांत ती सोय अजून नाही. भर समुद्रात कोणी कॅमेरा हिसकावला तर कार्डातला प्रत्येक चेहरा त्याच्या हाती जातो. त्यात तक्रार करणाऱ्या मच्छीमाराचाही चेहरा असतो. त्याला रोज त्याच बंदरात उतरायचं असतं.

रॉ फाईलचंही तेच. 2005 साली ओपनरॉ नावाने छायाचित्रकार एकत्र आले होते. फाईलची रचना उघड करा, म्हणाले. अडोबीने त्याच्या आदल्या वर्षीच डीएनजी ही खुली रॉ रचना आणली होती. तुमच्यातल्या बहुतेकांनी आपापली बंद रचना चालू ठेवली, आणि नव्या मॉडेलगणिक ती बदललीत. आजोबांच्या निगेटिव्ह आम्ही खिडकीशी धरून पाहतो. आमच्या फाइली आमच्या नातवंडांना उघडता येतील याची हमी आज कोणी देत नाही. दशावताराच्या, रापणीच्या, किल्ल्याच्या नोंदी आम्ही तुमच्या मर्जीवर सोडणार नाही. कॅमेऱ्यात खुल्या रॉचा पर्याय द्या.

छायाचित्राखाली आमचं नाव आमच्या लिपीत हवं. फोटोसोबतच्या माहितीच्या एक्झिफ मानकाची 3.0 आवृत्ती मे 2023 मध्ये आली, तिने देवनागरीची वाट मोकळी केली. कॉपीराइटच्या रकान्यात अजूनही रोमन अक्षरंच घेणाऱ्या बॉड्या आमच्या हातात आहेत. फर्मवेअरचं काम आहे. करून टाका.

व्यावसायिक म्हणून विकलेल्या प्रत्येक बॉडीत दोन कार्डांची जागा हवी. लग्न पुन्हा लागत नाही. एक कार्ड गेलं की आमची पतही गेली.

विकलेल्या कॅमेऱ्यात आधीपासून असलेली सोय उघडायला पुन्हा पैसे घेणं थांबवा. यावर चर्चा करणार नाही.

चार्जिंगचं उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. एक चार्जर सगळ्यांना चालू द्या, असं छायाचित्रकार कैक वर्षं सांगत होते. तुम्ही ऐकलं नाही. मग युरोपीय संघाने कायदा केला. 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं झालं. आणि तुमच्या मागे राहिलेल्या बॉड्यांनाही यूएसबी-सी आलं.

यातून आम्ही जे शिकायचं ते शिकलो. तुम्ही पत्र ऐकत नाही. सक्ती ऐकता.

आमचा संयम तुम्ही पाहिलेला आहे. तुमच्या कार्यशाळांना आम्ही आलो. कोल्हापूरला आलो, पणजीला आलो. स्वखर्चाने. फॉर्म भरले. तुमच्या प्रतिनिधीने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी प्रतिनिधी बदलला, वही बदलली. ईमेलना आलेली उत्तरं एकाच साच्यातली होती. आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. त्या विभागाने आम्हाला कधीही काही कळवलं नाही.

आम्ही आवाज चढवला नाही. हप्ते फेडत राहिलो. नवं मॉडेल आलं की घेत राहिलो. त्याचा अर्थ तुम्ही चुकीचा लावला.

आता तुमची स्थिती पाहू.

2010 साली जगात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. 2023 साली 77 लाखांच्या आसपास. हे आकडे तुमच्याच संघटनेचे, सीपाचे आहेत. हौशी माणूस फोनकडे गेला. तो परत येणार नाही. तुमच्याकडे उरलो ते आम्ही, कॅमेऱ्यावर पोट असलेले. कोडॅकच्या प्रयोगशाळेत 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा बनला. जानेवारी 2012 मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग 2021 साली विकला गेला. या धंद्यात कोणीही कायमचा नसतो.

आम्ही काय करणार ते स्पष्ट सांगतो.

नारळी पौर्णिमेपर्यंत लेखी उत्तर हवं. प्रत्येक मागणीपुढे होकार, नकार, आणि होकार असेल तर महिना आणि वर्ष.

उत्तर आलं नाही तर दसऱ्यापासून खरेदी बंद. दसऱ्याला हत्यारांसोबत आमच्या स्टुडिओत कॅमेऱ्यांची पूजा होते. यंदा जुन्याच कॅमेऱ्यांची होईल. दिवाळीच्या ऑफर, कॅशबॅक, बिनव्याजी हप्ते, यांतलं काही या जिल्ह्यात उचललं जाणार नाही.

काम थांबणार नाही. चालू स्थितीतल्या बॉड्या आणि लेन्सची तालुकावार यादी झाली आहे. ज्याची बॉडी बंद पडेल त्याला दुसऱ्याची मिळेल. जुन्या मालाचा व्यवहार आपापसात होईल. कारागीर आमचे आम्ही ठरवले आहेत. रत्नागिरी, गोवा, कारवार इथल्या सहकाऱ्यांशी बोलणं झालं आहे. त्यांची हवाही हीच आहे.

तुमच्या कार्यशाळांना कोणी येणार नाही. तुमच्या जाहिरातीसाठी, कॅलेंडरसाठी, स्पर्धेसाठी सिंधुदुर्गाचा एकही फोटो जाणार नाही. किल्ला हवा असेल, तारकर्ली हवी असेल, तर फोटोग्राफर बाहेरून आणा. त्याच्या लेन्सला फंगस आल्यावर तो काय म्हणतो तेही ऐका.

तुळशीची लग्नं लागली की आमचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास तक्रारी दाखल होतील. ग्राहक संरक्षण कायदा, 2019. समान हिताच्या अनेक ग्राहकांना कलम 35 खाली एकत्र तक्रार करता येते. आम्ही धंद्यासाठी कॅमेरा घेतो म्हणून ग्राहक नाही, हा युक्तिवाद तयार ठेवू नका. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. कलम 2(7) चं स्पष्टीकरण वाचा.

पावसातल्या कॅमेऱ्याची जाहिरात आणि पाण्याला नकार देणारी वॉरंटी, हे दोन कागद एकत्र केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जातील. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी 50 लाखांपर्यंत. दंड तुम्हाला जड नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आदेश जाहीर होतो, ते जड जाईल.

बिघाडांची नोंदवहीही सुरू झाली आहे. मॉडेल, खरेदीची तारीख, बिघाड, अंदाजपत्रकाची रक्कम, किती दिवस बॉडी परत आली नाही. सोबत बिलांच्या प्रती. ती आम्ही कोणालाही पाहू देऊ. नवा फोटोग्राफर कॅमेरा घ्यायला निघाला की दुकानात जाण्याआधी ती वाचेल.

जी कंपनी मागण्या मान्य करेल तिला यातलं काहीही लागू नाही. तिचा कॅमेरा आम्ही घेऊ, वापरू, आणि तो या हवेत टिकला तर तसं सगळ्यांना सांगू.

उत्तरावर निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीची सही हवी. डीलरमार्फत आलेला निरोप उत्तर म्हणून धरला जाणार नाही. फोन करू नयेत.

नारळी पौर्णिमेला संध्याकाळी, समुद्राला नारळ वाहून झाल्यावर, मालवणात आमची बैठक आहे. आलेली उत्तरं तिथे वाचली जातील. ज्या कंपन्यांची आलेली नसतील, त्यांची नावं दुसऱ्या दिवशी आठही तालुक्यांतल्या स्टुडिओंच्या दारांवर लागतील.